फळ्यावरचे पाच ठिपके

अकरावीला पीसीबी ग्रुप घेतला की गणितातून सुटलो, असं मानणारी बरीच मंडळी समोर बसली आहेत. हसताय म्हणजे खरंच आहे. घाबरू नका, आज समीकरणं नाहीत. फळ्यावर पाच ठिपके काढतो.

हे पाच कार्बन. हायड्रोजन तूर्त बाजूला ठेवू. कार्बनचे उरलेले हात तेच धरतात. ठिपके रेघांनी असे जोडायचे की एकही सुटा राहणार नाही आणि कुठे वेटोळं होणार नाही. तीनच तऱ्हा निघतात : सरळ साखळी, एक फाटा फुटलेली साखळी, आणि मधल्या एकाभोवती चार. पेंटेन म्हणजे पाच कार्बनचं हायड्रोकार्बन; त्याचे समघटक, म्हणजे तेच अणू पण जोडणी वेगळी असलेले रेणू, तेही तीनच.

आता प्रत्येक जोडीतलं अंतर मोजा, किती रेघा ओलांडाव्या लागतात ते. जोड्या एकूण दहा. सरळ साखळीत एका रेघेच्या चार जोड्या, दोनच्या तीन, तीनच्या दोन आणि चारची एक, बेरीज २०. फाटा असेल तर १८. मध्याभोवती चार असतील तर १६. उत्कलनबिंदू बघा : सुमारे ३६, २८ आणि साडेनऊ अंश सेल्सिअस. बेरीज उतरली, तसा तोही उतरला! आटोपशीर रेणूंना एकमेकांना चिकटायला जागा कमी मिळते, म्हणून ते लवकर सुटतात. ही बेरीज रसायनशास्त्राचे अभ्यासक हॅरी वीनर यांनी १९४७ साली मांडली. त्यांच्या सूत्रात आणखी एक राशी होती, पण गाभा हाच.

असे समघटक मोजायचा प्रश्न त्याआधीच आर्थर केली या इंग्रज गणितज्ञाने हाती घेतला होता. हा गृहस्थ चौदा वर्षं वकिली करून गणिताच्या प्राध्यापकीत आलेला. सहा कार्बनच्या हेक्झेनचे समघटक ५, सातच्या हेप्टेनचे ९, आठच्या ऑक्टेनचे १८, दहाच्या डेकेनचे ७५. १८७५ साली त्याने तेरा कार्बनपर्यंत मजल मारली, आणि शेवटचे दोन आकडे चुकले : बाराला ३५५ ऐवजी ३५७, तेराला ८०२ ऐवजी ७९९. हाताने मोजताना एकच आकृती उलटी धरून दोनदा मोजली जाते, ही खरी अडचण. सममितीचा हा गुंता सोडवणारी सर्वसाधारण रीत हंगेरियन गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९३७ मध्ये दिली. वीस कार्बनना उत्तर येतं ३,६६,३१९. एवढे रेणू प्रयोगशाळेत कोण बनवत बसणार?

मात्र ठिपक्यांना जाडी नसते, अणूंना असते. सतरा कार्बन घ्या : मध्ये एक, त्याला चार, आणि त्या चारांना प्रत्येकी तीन. कागदावर आकृती चोख, मोजणीतही ती धरलेली. प्रत्यक्षात बाहेरच्या हायड्रोजनांची इतकी दाटी होते की आतले बंध टिकणं अवघड. हा रेणू अजून कुणी बनवलेला नाही.