कुलाब्याच्या नोंदवह्या वाचायला माणसं हवीत

[दृश्य : अलिबागचा किनारा, मग झाडीतली बैठी दगडी इमारत]

या इमारतीत लोखंड नाही. खिळा नाही, बिजागरी नाही, कडीही नाही. धातूचं जे काही आहे ते तांब्याचं नाहीतर पितळेचं. भिंतींचा दगड पोरबंदरचा, आणि तोही चुंबकीय नाही याची खात्री करूनच वापरलेला. अलिबागची ही चुंबकीय वेधशाळा 1904 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद ठेवते आहे, आणि ते काम आजही चालू आहे. आत जायचं तर किल्ल्या, मोबाईल, कमरेचा पट्टा, सगळं बाहेर. आमचा कॅमेराही दाराशीच थांबला.

वेधशाळा मुळात इथली नव्हे. ईस्ट इंडिया कंपनीनं 1826 मध्ये ती मुंबईत कुलाब्याला उभारली. 1841 पासून तिथं चुंबकीय नोंदी घेतल्या जाऊ लागल्या. पुढे मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि वेधशाळेपुढे पेच उभा राहिला. रुळांतून जमिनीत उतरणारी वीज नाजूक सुया हलवणार, मग नोंद पृथ्वीची घेतोय की ट्रामची हे कळणार कसं? नानाभॉय आर्देशीर फ्रामजी मूस तेव्हा संचालक होते. 1896 मध्ये ते या पदावर आले; या वेधशाळेचे ते पहिले भारतीय संचालक. त्यांनी खाडीपलीकडचं अलिबाग निवडलं. 1904 ते 1906 अशी दोन वर्षं कुलाबा आणि अलिबाग, दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या गेल्या. दोन जागांतला फरक किती ते आकड्यांत कळावं, म्हणजे जुन्या नोंदींना नव्या नोंदी जोडता येतील. त्यानंतर, 1907 मध्ये, मुंबईच्या रस्त्यावर विजेची ट्राम धावली. त्या दोन वर्षांच्या दुहेरी खटपटीमुळेच आज आपल्या हातात सुमारे पावणेदोनशे वर्षांची सलग नोंद आहे. जगात अशी ठिकाणं फार थोडी.

[दृश्य : 1859 चा आलेख, रेष एकदम खाली कोसळते]

ही रेष बघा. सप्टेंबर 1859. एक तारखेला इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन या खगोलनिरीक्षकाला सूर्यावर लख्ख प्रकाशाचा स्फोट दिसला. त्यानंतर चोवीस तासांच्या आतच पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र खवळलं. युरोप-अमेरिकेत तारायंत्रं बिघडली, क्यूबासारख्या उष्ण प्रदेशातही आकाशात ध्रुवीय प्रकाश दिसला. लंडनजवळच्या क्यू वेधशाळेतल्या यंत्राची नोंद मोजपट्टीबाहेर गेली. कुलाब्याला मात्र वादळ नोंदलं गेलं. इथं तेव्हा आपोआप नोंद करणारं यंत्र नव्हतं. माणूस दुर्बिणीला डोळा लावून मोजपट्टीवरचा आकडा वाचायचा आणि वहीत लिहायचा. एरवी दर तासाला एक नोंद. सुई बिथरली तशी पंधरा-पंधरा मिनिटांनी, मग पाच-पाच मिनिटांनी. चुंबकीय क्षेत्राच्या क्षैतिज, म्हणजे जमिनीला समांतर, घटकात सुमारे 1600 नॅनोटेस्लाची घट. नॅनोटेस्ला हे चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर याच आकड्यांवरून त्या वादळाची तीव्रता मांडली. उपग्रह आणि वीजजाळी चालवणारे आजही त्या आकड्यांचा आधार घेतात.

इथवर भौतिकशास्त्र. पण दुर्बिणीला डोळा लावून बसलेला तो माणूस कोण होता? त्याचा पगार किती होता? पाच मिनिटांनी नोंद घ्यायची हे त्याला कुणी सांगितलं, की त्यानं आपणहून ठरवलं? छापील अहवालावर साहेबाचं नाव आलं, मग वहीत लिहिणाऱ्याचं का आलं नाही? आणि कंपनी सरकारला पृथ्वीच्या चुंबकत्वावर पैसा खर्च करण्यात रस का होता? जहाजांसाठी, व्यापारासाठी, की लंडनच्या विद्वानांसाठी? विज्ञानाचा इतिहास आणि विज्ञानाचा सामाजिक अभ्यास म्हणजे हे प्रश्न पुराव्यानिशी सोडवणं. हे पूर्ण वेळाचं, जबाबदारीचं काम आहे. ते सवडीनं होत नाही.

[दृश्य : नागावचा रस्ता, वाड्या]

अलिबागहून नागाव जवळच. केरो लक्ष्मण छत्रे, आपले केरूनाना, यांचा जन्म इथला, 1825 चा. विशीच्या आतच ते कुलाब्याच्या वेधशाळेत कामाला लागले. पुढे पुण्यात गणित शिकवलं, मराठीत ग्रहसाधनाची, म्हणजे ग्रहांची स्थानं काढायची, कोष्टकं तयार केली. लोकमान्य टिळक त्यांचे विद्यार्थी. केरूनानांचं नाव राहिलं, कारण ते पुढे प्राध्यापक झाले. त्याच टेबलाशी बसलेल्या इतरांची नावं शोधायची तर वेतनपत्रकं, पत्रव्यवहार, अर्ज असे हजारो कागद उलथेपालथे करावे लागतील. ते कागद आहेत. वाचणारे हात कमी आहेत.

[दृश्य : पुराभिलेखागार, टेबलावर रुमाल सुटतो]

पुराभिलेखागारात मोडी कागदांचं गाठोडं असं कापडात बांधलेलं असतं. याला रुमाल म्हणतात. गाठ हळू सोडायची, कागद ओढायचा नाही, दोन्ही हातांनी उचलायचा. ओळ बघा. लिहिणाऱ्यानं आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत शिरोरेघ ओढली, मग बोरू फारसा न उचलता अक्षरं तिला लटकवत नेली. शब्द कुठं संपला हे डोळ्यांना कळत नाही, ते अर्थानं ओळखावं लागतं. पडद्यावर दिसणारी ही संशोधक आधी भौतिकशास्त्राची पदवीधर, नंतर इतिहासात एम.ए. मोडीच्या वर्गात पहिले काही आठवडे तिला एक ओळ लावायला अख्खी दुपार लागायची. आता ती वाचता वाचता आकडे वहीत उतरवते. गावगाड्याचा कारभार मोडीत चालला. जमिनीची मोजणी, गावोगाव देवीची लस टोचत हिंडणारी सरकारी माणसं, त्यांना मिळालेलं सहकार्य आणि त्यांना झालेला विरोध, यांचा माग गावाच्या बाजूनं काढायचा तर मोडीला पर्याय नाही. मुंबईत पहिली देवीची लस 14 जून 1802 रोजी ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला टोचली गेली, हे इंग्रजी पुस्तकांत सापडतं. ती लस घाटावर पोचल्यावर लोक काय बोलले, ते तिथं सापडत नाही.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधायची वेळ आली तेव्हा राज्यभर मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एरवी त्यांची आठवण कुणाला येते?

[दृश्य : पवईचा परिसर, ग्रंथालय]

आता पोटापाण्याचं. हा विषय घेऊन नोकरी मिळते का? मिळते. पण नेट, म्हणजे प्राध्यापक होण्यासाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या विषयांच्या यादीत ‘विज्ञानाचा इतिहास’ नावाचा विषयच नाही. तेव्हा इतिहास, समाजशास्त्र नाहीतर तत्त्वज्ञान यातून शिरावं लागतं. सेट ही तशीच राज्य पातळीवरची परीक्षा महाराष्ट्र आणि गोव्यासाठी पुणे विद्यापीठ घेतं, तिथंही हीच गत. कनिष्ठ संशोधन छात्रवृत्ती मिळाली तर 2023 पासून महिना 37 हजार रुपये मिळतात. पीएच.डी.साठी मुंबईच्या आयआयटीत मानव्यविद्या विभाग आहे, त्यातच संस्कृतमधल्या विज्ञान-तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारा स्वतंत्र कक्ष आहे. दिल्लीत जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विज्ञान धोरणाचं केंद्र, गुजरात केंद्रीय विद्यापीठात तशाच विषयाचं केंद्र, हैदराबाद विद्यापीठात ज्ञान, संस्कृती आणि नवोन्मेष यांचा अभ्यास करणारं केंद्र. विज्ञान पदवीधरांनी बिचकू नये. या विषयाला गणित येणारा आणि जुना कागद वाचणारा, असा दुहेरी माणूस लागतो, आणि तो दुर्मिळ असतो.

पीएच.डी.नंतर सहायक प्राध्यापकाचं पद. मूळ वेतन 57,700 पासून. पण पद भरलं तर! आपल्याकडे कित्येक पात्र मुलं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतात, सुट्टीचे पैसे नाहीत, पुढच्या वर्षीची खात्री नाही. यातली अनेक जण विषय सोडून देतात.

[दृश्य : संग्रहालय, काचेआडची यंत्रं, शाळेची मुलं]

अध्यापनाबाहेरही दारं आहेत, आणि त्यांची माहिती मुलांपर्यंत पोचत नाही. बंगळूरच्या राष्ट्रीय जैवविज्ञान केंद्रात 2019 पासून विज्ञानाचे कागद जपणारं सार्वजनिक अभिलेखागार आहे. आपल्या कुलाब्यातच टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं अभिलेखागार आहे. शास्त्रज्ञांची पत्रं, प्रयोगवह्या, छायाचित्रं लावणं, त्यांची सूची करणं, मुलाखती ध्वनिमुद्रित करणं, यासाठी शिकलेली माणसं लागतात. वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र ज्या राष्ट्रीय परिषदेकडे आहे, तिच्याकडे देशभरातली विज्ञान संग्रहालयं आहेत, आणि तिथं अभिरक्षकांची पदं निघतात. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. विज्ञान कसं शिकवावं यावर तिथं पीएच.डी. करता येते, आणि त्यात इतिहासाची जाण कामी येते. दिल्लीच्या भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमीचं विज्ञान-इतिहासाचं नियतकालिक 1966 पासून निघतं आहे. पहिला निबंध तिथं पाठवावा.

परदेशात या विषयाला स्वतःचे विभाग आहेत. केंब्रिज, हार्वर्ड, पेनसिल्व्हेनिया. बर्लिनला माक्स प्लांक संस्था, 1994 पासून. तिथली बरीच पदं मात्र दोन-तीन वर्षांची असतात. आणि मोठं नाव म्हणजे कायमची शाश्वती असंही नाही. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठात 1947 पासून गणिताच्या इतिहासाचा वेगळा विभाग होता. डेव्हिड पिंग्री यांनी तिथं बसून संस्कृतमधल्या गणित-ज्योतिषाच्या हस्तलिखितांची प्रचंड सूची केली. 2005 मध्ये पिंग्री गेले आणि विभागही गेला.

[दृश्य : दापोलीजवळचं मुरूड, समुद्र, कौलारू घरं]

हे मुरूड. महर्षी कर्व्यांचं गाव, आणि शंकर बाळकृष्ण दीक्षितांचंही. दीक्षित शिक्षक होते. विद्यापीठातलं पद नाही, संशोधनाची रजा नाही. मराठी ग्रंथांना बक्षिसं देणाऱ्या दक्षिणा प्राइझ कमिटीच्या बक्षिसासाठी लिहायला घेतलेला निबंध वाढत वाढत ‘भारतीय ज्योतिःशास्त्र’ हा ग्रंथ झाला, 1896 मध्ये मराठीत छापला गेला. वेदकाळापासून आपल्या दिवसापर्यंतच्या ज्योतिषाचा इतिहास, मूळ ग्रंथ वाचून, स्वतः गणित करून. भारत सरकारला पुढे तो इंग्रजीत आणावा लागला. दोन वर्षांत, 1898 मध्ये, दीक्षित वारले.

त्या एकट्या माणसाच्या चिकाटीवर आपण सव्वाशे वर्षं काढली. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाविद्यालयांत भारतीय ज्ञान परंपरेचे अभ्यासक्रम सुरू झाले आहेत, म्हणजे शिकवणारे लागणार हे उघड आहे. ते कोण असतील? व्हॉट्सॲपवर आलेलं वाचून दाखवणारे, की दीक्षितांसारखं मूळ पोथी उघडून गणित तपासणारे? राज्यातल्या विद्यापीठांनी इतिहास आणि भौतिकशास्त्र विभागांत मिळून एक-एक पद या विषयासाठी राखलं, तरी पाच-सात वर्षांत चित्र पालटेल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. कागद इथंच आहेत, भाषा आपलीच आहे.

[दृश्य : मोडीचा वर्ग, फळा, विद्यार्थी]

या वर्गात आज वकील आहेत, निवृत्त तलाठी आहेत, घराण्याचे कागद घेऊन आलेले काही जण आहेत. मागच्या बाकावरचे दोघं बी.एस्सी.ला आहेत, एक गणिताचा, एक रसायनशास्त्राची. दोघांनाही या विषयात पीएच.डी. करता येते हे इथं आल्यावरच कळलं. पुराभिलेख विभाग मोडीचे वर्ग घेतो, इतिहास मंडळंही घेतात. विज्ञान शाखेचा विद्यार्थी म्हणून कुणी अडवत नाही. सेटचा इतिहासाचा पेपर मराठीतूनही देता येतो. रसायनशास्त्राच्या त्या मुलीनं पुढच्या वर्षी इतिहासात एम.ए.ला प्रवेश घ्यायचं ठरवलं आहे.