नाशिकची लोकसभा, भुजबळ आणि एक नकाशा

नमस्कार मंडळी! नाशकात रिक्षात बसा आणि ‘भुजबळ फार्म’ एवढंच म्हणा. पुढचा पत्ता कोणी विचारणार नाही. एवढं नाव असलेल्या राष्ट्रवादीच्या छगन भुजबळांना नाशिकनं दिल्लीला मात्र धाडलं नाही. असं का?

(पडद्यावर जिल्ह्याचा नकाशा)

हा नकाशा नीट बघा. नाशिक लोकसभेत सहा विधानसभा येतात: सिन्नर, इगतपुरी, देवळाली आणि शहरातले पूर्व, मध्य, पश्चिम. येवला कुठंय? इकडे, पार दिंडोरीत! २००४ पासून सलग पाच वेळा ज्या येवल्यानं त्यांना आमदार केलं, तिथला एकही मतदार त्यांना खासदारकीचं मत देऊ शकत नाही. बरं, मग दिंडोरीतून लढावं? ती जागा अनुसूचित जमातीसाठी राखीव. म्हणजे घर एकीकडे आणि अंगण दुसऱ्याच्या दारात.

२००९ ला पुतणे समीर भुजबळ इथून खासदार झाले खरे, पण मनसेच्या हेमंत गोडसेंना जेमतेम २२ हजारांनी मागे टाकून. ती धोक्याची घंटा होती, असं माझं मत.

२०१४ ला गोडसे धनुष्यबाण घेऊन आले आणि समोर स्वतः साहेब उभे राहिले. तेव्हा ते बांधकाममंत्री आणि जिल्ह्याचे पालकमंत्रीही. पडले, तेही १ लाख ८७ हजारांनी. आता सगळं खापर नकाशावर फोडू नका, मोदी लाट होतीच. पण गंमत अशी की पाचच महिन्यांनी, त्याच लाटेत, येवला त्यांनी आरामात राखलं.

मग २०१६ ची अटक, दोन वर्षांहून जास्त तुरुंग, २०१८ ला जामीन. दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकाम प्रकरणात २०२१ ला सत्र न्यायालयानं दोषमुक्त केलं. मधल्या २०१९ च्या लोकसभेला पुन्हा समीर उभे राहिले, पुन्हा गोडसेंपुढे, आणि या खेपेला फरक गेला २ लाख ९२ हजारांवर.

२०२४ चा किस्सा तर तुम्हाला आठवतच असेल. महायुतीत जागा कोणाची, यावर नुसता घोळ. भुजबळ म्हणत होते, माझं नाव दिल्लीतून सुचवलंय. पण जाहीर काही होईना. शेवटी १९ एप्रिलला पत्रकार परिषद घेऊन त्यांनीच माघार घेतली. उमेदवारी गोडसेंना मिळाली आणि ठाकरे गटाच्या राजाभाऊ वाजेंनी त्यांना १ लाख ६२ हजारांनी पाडलं. त्याच जूनमध्ये राज्यसभेची जागा सुनेत्रा पवारांकडे गेली. इच्छा तर माझीही होती, हे साहेबांनी लपवलं नाही.

जाता जाता वाजेंचं चिन्ह बघा: मशाल. १९८५ ला माझगावातून शिवसेनेचे भुजबळ पहिल्यांदा आमदार झाले ना, ते कोणत्या चिन्हावर माहितेय?

मशालच.