हाताला पाठ असलेला संगणक

मित्रहो,

ऑपरेटिंग सिस्टीमचे, म्हणजे संगणक चालवणाऱ्या मूळ प्रणालीचे, रूप बदलले आणि कोणी तक्रार केली, की त्याला हमखास एकच उत्तर मिळते: "होईल सवय." आजचा जाहीर विषय 'बदललेल्या स्क्रीनशी जुळवून कसे घ्यावे' असा आहे आणि मी त्याकडे येणारच आहे. पण त्याआधी या उत्तरात जे गृहीत धरलेले असते ते थोडे तपासून पाहू, कारण सवय म्हणजे काय आणि ती कशी जडते हे कळल्याशिवाय जुळवून घेण्याचा कोणताही सल्ला उपयोगाचा ठरत नाही.

मानसशास्त्रातील एक प्रसिद्ध प्रयोग मला या संदर्भात फार महत्त्वाचा वाटतो. हेन्री मोलायसन या गृहस्थांवर १९५३ साली अपस्मारासाठी शस्त्रक्रिया झाली आणि तीत मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवण्यास लागणाऱ्या अवयवाचा, मोठा भाग काढला गेला. त्यानंतर त्यांना नवीन काहीही लक्षात राहीनासे झाले. ब्रेंडा मिल्नर या संशोधिकेने त्यांना एक काम दिले: कागदावर एकात एक अशा दोन चांदण्यांच्या रेषा आहेत, त्यांच्या मधल्या जागेतून पेन्सिल फिरवायची, मात्र हात थेट दिसणार नाही, तो आरशात पाहूनच काम करायचे. आरशात दिशा उलटी दिसत असल्यामुळे सुरुवातीला कोणाचाही हात भरकटतोच. मोलायसन यांचाही भरकटला, पण तीन दिवसांच्या सरावात त्यांची रेषा स्पष्टपणे सुधारत गेली; आणि विशेष असे की आपण हे काम पूर्वी केल्याचे त्यांना आठवत नव्हते. माणूस विसरला होता, हात शिकला होता.

या प्रयोगाने दाखवून दिले की माहिती लक्षात राहणे आणि कौशल्य अंगवळणी पडणे या दोन गोष्टी मेंदूत वेगवेगळ्या ठिकाणी घडतात. अपडेट झाल्यावर 'नवीन काय आहे' असे सांगणारी जी खिडकी स्वागताला येते, ती फक्त पहिल्या प्रकारच्या स्मरणाशी बोलते. चार सुबक चित्रे आणि चार वाक्ये वाचून आपल्याला बदल समजतो, पण हाताला तो समजत नाही. म्हणूनच बटण कुठे गेले हे पक्के ठाऊक असूनही कर्सर पुन्हा पुन्हा जुन्याच जागी जातो आणि माणूस स्वतःला विसराळू म्हणवून घेतो. विशेषतः वयाने मोठी माणसे तसे म्हणतात, तेव्हा मला फार वाईट वाटते. त्यांच्या स्मरणात काही दोष नसतो. वर्षानुवर्षांच्या कामातून कमावलेले कौशल्य एका रात्रीत निरुपयोगी ठरवले गेलेले असते, आणि त्याची भरपाई त्यांनाच करावी लागते.

आता जागेबद्दल बोलू. पॉल फिट्स यांनी १९५४ साली मांडलेला नियम संगणकाच्या स्क्रीनला नेमका लागू पडतो: एखाद्या लक्ष्यापर्यंत पोहोचायला लागणारा वेळ हा त्याचे अंतर आणि त्याचा आकार यांवर ठरतो. स्क्रीनच्या कोपऱ्याचे वैशिष्ट्य असे की कर्सर त्याच्या पलीकडे जाऊच शकत नाही. माऊस कितीही जोरात ढकलला तरी तो तिथेच थांबतो. म्हणजे कोपऱ्यातले बटण दिसायला लहान असले तरी हाताच्या दृष्टीने ते अतिशय मोठे असते आणि न पाहताही सापडते. विंडोज ९५ ऑगस्ट १९९५ मध्ये आले, तेव्हा स्टार्टचे बटण डावीकडे खालच्या टोकाला ठेवले गेले, आणि पुढे एक्सपी, व्हिस्टा, विंडोज ७ असे रंगरूप बदलत गेले तरी ते तिथेच राहिले. सतरा वर्षे जगभरातल्या हातांनी तो कोपरा पाठ केला.

२६ ऑक्टोबर २०१२ रोजी विंडोज ८ आले आणि ते बटण दिसेनासे झाले. माझी मुख्य तक्रार इथे आहे, आणि ती मी जरा सविस्तर मांडणार आहे. बटणाचे काम पूर्णपणे बंद झालेले नव्हते; कर्सर त्याच कोपऱ्यात नेला तर तिथे एक छोटे चित्र उमटे आणि क्लिक केल्यावर रंगीत चौकोनी फरशांसारख्या बटणांनी संपूर्ण स्क्रीन व्यापणारा स्टार्ट उघडे. म्हणजे सोय ठेवली होती, खूण तेवढी पुसली होती. संगणक बंद करायचा असेल तर कर्सर उजव्या बाजूच्या कोपऱ्यात न्यायचा, कडेने एक पट्टी सरकत येईल तिची वाट पाहायची, तीत सेटिंग निवडायचे, मग पॉवर, आणि मग शटडाऊन. या पट्टीची सूचना देणारी एकही खूण स्क्रीनवर कायम दिसत नसे. हा सर्व मार्ग कोणी कसा शोधून काढावा, अशी अपेक्षा होती?

(श्रोत्यांमधून कोणीतरी "ऑल्ट एफ४" म्हणाले.) अगदी बरोबर. डेस्कटॉपवर असताना ऑल्ट आणि एफ४ दाबले की बंद करण्याची जुनी खिडकी तेव्हाही येत होती आणि आजही येते. आपण सांगितलेली ही गोष्टच पुढे माझ्या म्हणण्याचा कणा ठरणार आहे, म्हणून ती लक्षात असू द्यावी.

विंडोज ८ करणाऱ्यांचा हेतू मला चुकीचा वाटत नाही. बोटाने चालणारा टॅबलेट आणि माऊसने चालणारा डेस्कटॉप यांना एकच रूप द्यावे, हा विचार त्या काळी स्वाभाविक होता. चूक ही झाली की लोकांच्या हातात साठलेल्या सरावाची किंमत शून्य धरली गेली. ऑक्टोबर २०१३ मध्ये विंडोज ८.१ सोबत बटण परत आले, जुलै २०१५ मध्ये विंडोज १० सोबत त्या बटणातून उघडणारा स्टार्ट मेन्यूही परत आला. पण मधल्या काळात ज्यांनी नवा मार्ग मोठ्या कष्टाने अंगवळणी पाडला होता, त्यांना तो पुन्हा विसरावा लागला.

विंडोज ११ ने ऑक्टोबर २०२१ मध्ये टास्कबारवरील, म्हणजे स्क्रीनच्या तळाच्या पट्टीवरील, चिन्हे मध्यभागी आणली. इथे एक बारकावा आहे, तो आपापल्या संगणकावर अवश्य पाहा. चिन्हांचा संपूर्ण गट मध्यभागी राखला जात असल्यामुळे, टास्कबारवर कायम न ठेवलेला एखादा प्रोग्राम उघडला की गट रुंदावतो आणि स्टार्टचे बटण थोडे डावीकडे सरकते; प्रोग्राम बंद केला की ते परत येते. जे बटण जागा सोडून हलते ते हात कधीच पूर्णपणे शिकू शकत नाही, त्यासाठी प्रत्येक वेळी डोळ्यांना काम करावे लागते. ॲपलच्या मॅक संगणकावरची अशीच पट्टी, डॉक, हाही मध्यभागी असल्याने तोही असाच सरकतो, पण तिथे ॲपलचा मेन्यू वरच्या डाव्या कोपऱ्यात स्थिर असतो. विंडोज ११ च्या टास्कबार सेटिंगमध्ये चिन्हे डावीकडे घेण्याचा पर्याय दिलेला आहे. तो घेणे म्हणजे जुनाट असणे नव्हे, हे मला आवर्जून सांगायचे आहे.

आणखी एक उदाहरण जवळून पाहू. रोज ढिगाने फायलींची नावे बदलणारा एखादा माणूस डोळ्यांसमोर आणा. पूर्वी तो फाईलवर राइट क्लिक करी आणि लांबलचक यादीत तळाशी असलेल्या 'रीनेम' या ओळीवर त्याचा हात आपोआप जाई. काही जण तर राइट क्लिकनंतर फक्त एम हे अक्षर दाबत. विंडोज ११ मध्ये यादी आखूड झाली आणि कट, कॉपी, रीनेम, डिलीट ही रोजची कामे शब्दांऐवजी लहान चिन्हांच्या रूपात एका आडव्या ओळीत गेली. मेन्यू आपल्या उघडण्याच्या जागेप्रमाणे ती ओळ कधी वर दाखवतो तर कधी खाली. जुनी यादी 'आणखी पर्याय दाखवा' या ओळीमागे ठेवलेली आहे, म्हणजे जुन्याच वाटेने गेल्यास प्रत्येक नावामागे एक क्लिक वाढला. पुढे २०२४ च्या आवृत्तीत त्या चिन्हांखाली शब्द आले, हे चांगले झाले. परंतु या सर्व काळात एफ२ ही कळ जशीच्या तशी होती. फाईल निवडा, एफ२ दाबा, नाव बदला. विंडोज ९५ मध्येही हेच होते.

जाता जाता एका चांगल्या वागणुकीची नोंद करतो. २०११ साली मॅकच्या लायन या आवृत्तीने स्क्रोलची दिशा उलटी केली; बोटे वर सरकवली की मजकूरही वर जाऊ लागला, टचस्क्रीनवर जातो तसा. बदल मोठा होता, पण सेटिंगमध्ये एक चौकोन होता, त्यातली खूण काढली की जुनी दिशा परत. त्याच वर्षी लिनक्स या मुक्त प्रणालीवरच्या ग्नोम या डेस्कटॉपच्या तिसऱ्या आवृत्तीने जुनी मांडणी मोडली, तेव्हा ज्यांना ती हवी होती त्यांनी ग्नोम २ चा खुला स्रोत (मूळ प्रोग्राम) घेऊन माटे नावाचा डेस्कटॉप उभा केला. तो आजही सुरू आहे.

संयोजकांची चिठ्ठी आली आहे आणि वेळ थोडा उरला आहे, तेव्हा जाहीर विषय आता भराभर मांडतो.

पहिली गोष्ट, स्क्रीनवरच्या जागांपेक्षा कळा अधिक काळ टिकतात. एफ२, ऑल्ट एफ४, विंडोज कळीसोबत ई किंवा आर, कंट्रोलसोबत झेड, एक्स, सी आणि व्ही यांना इतक्या वर्षांच्या फेरबदलांनी धक्का लावलेला नाही. अपडेटपूर्वी आपला हात दिवसभरात जी मोजकी कामे सर्वाधिक करतो ती लिहून काढा, प्रत्येकाची कळ शोधा आणि जुन्या स्क्रीनवर असतानाच तिचा सराव करा. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे सर्वसाधारण पाठबळ (सुरक्षेची अपडेट वगैरे) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले, त्यामुळे अनेकांना हे संक्रमण आता टाळता येणार नाही. त्यांनी तर हे आधी करावे.

दुसरे, जागेसंबंधीची सेटिंग पहिल्याच दिवशी लावून टाका आणि नंतर त्यांना हात लावू नका, कारण रोज थोडी थोडी मांडणी बदलल्यास हाताला काहीच पक्के होत नाही. रंग आणि सजावट यांना मात्र काही आठवडे द्या. संपूर्ण जुने रूप परत आणणारे बाहेरचे प्रोग्राम जपून वापरा. क्लासिक शेल हा असाच एक लोकप्रिय प्रोग्राम. विंडोजचे वारंवार होणारे बदल गाठणे कठीण झाल्याने त्याच्या निर्मात्याने २०१७ मध्ये काम थांबवले. पुढे इतरांनी ओपन शेल या नावाने ते चालू ठेवले, पण अशा आधारावर किती विसंबायचे हे ज्याचे त्याने ठरवावे.

तिसरे आणि माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे: डोळ्यांना आणि शरीराला होणारा त्रास सवयीच्या खात्यात टाकू नका. २०१३ साली आयफोनच्या आयओएस ७ मधील हलत्या दृश्यांनी काही लोकांना मळमळ आणि चक्कर येऊ लागली. त्यांच्यासाठी उपाय सवयीचा नव्हता, हालचाल कमी करण्याच्या सेटिंगचा होता. २०२५ मध्ये आयफोन आणि मॅकवर काचेसारखे पारदर्शक रूप आले आहे, तेव्हा अक्षरे मागच्या चित्रात मिसळत असतील तर पारदर्शकता कमी करण्याची सोय वापरा. वेबवरील मजकुरासाठीच्या सुगमतेच्या निकषांत साध्या अक्षरांचा पार्श्वभूमीशी उजळपणातला फरक किमान ४.५ : १ असावा असे म्हटले आहे. अक्षर वाचता न येणे हा वाचणाऱ्याचा हट्ट नाही.

चौथे, घरी कोणाला शिकवत असाल तर माऊस त्यांच्याच हातात राहू द्या. आपण झटपट करून दाखवतो तेव्हा सराव आपल्या हाताचा होतो.

आणि शेवटचे, तक्रार अवश्य नोंदवा. विंडोजमध्ये विंडोज कळ आणि एफ दाबल्यास अभिप्रायाची खिडकी उघडते. तिथे 'नवे रूप आवडले नाही' एवढेच लिहून थांबू नका. कोणते काम, पूर्वी किती क्लिकमध्ये होत होते, आता किती लागतात, आणि दिवसातून ते किती वेळा करावे लागते, हे लिहा. आता प्रश्न घेऊ या.