दालनाबाहेरचं टेबल

दिल्लीतला साउथ ब्लॉक. तांबड्या दगडाच्या भिंती, उंच दरवाजे. नोव्हेंबर १९६२. चीनच्या हल्ल्यात सेला पडलं, बोमदिला पडलं, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून मुंबईहून इथे आले. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राला पाठ आहे. त्यांच्या दालनाबाहेर बसणाऱ्या माणसाचं नाव मात्र थोड्यांनाच ठाऊक. राम प्रधान. १९५२च्या तुकडीचे आयएएस अधिकारी, वय ३४, संरक्षणमंत्र्यांचे खासगी सचिव.

मंत्र्यापुढे जाणारा कागद आधी खासगी सचिवाच्या टेबलावर येतो. कोणती फाईल आत्ता, कोणती संध्याकाळी, कुणाला लगेच आत सोडायचं, हे तिथे ठरतं. पराभवानंतर मंत्रालय आणि सेनाधिकारी यांच्यातला विश्वास पार तुटला होता. चव्हाणांनी तिन्ही दलप्रमुख आणि सचिवांची रोज सकाळी बैठक सुरू केली. वर्दीतली आणि साध्या कपड्यांतली माणसं एका टेबलाशी बसून बोलू लागली. सैन्याची फेरउभारणी इथून सुरू झाली, नव्या तोफा येण्याच्या कितीतरी आधी.

हे व्हॅम्पायर लढाऊ विमान, दिल्लीतल्या पालमच्या संग्रहालयातलं. १ सप्टेंबर १९६५ला पाकिस्तानी रणगाडे जम्मूतल्या छांबमध्ये घुसले. दुपारी हवाईदलप्रमुख अर्जन सिंग चव्हाणांकडे आले. परवानगी मिळाली. ५ वाजून १९ मिनिटांनी पठाणकोटहून विमानं उडाली. चार व्हॅम्पायर परतली नाहीत.

त्या युद्धात चव्हाण रोजनिशी लिहीत होते. चार दशकांनी ती वाचकांपुढे ठेवली प्रधानांनीच. मंत्र्याचा शब्द इतकी वर्षं कोण जपतं?

मधल्या काळात प्रधान महाराष्ट्राचे मुख्य सचिव झाले, मग केंद्रीय गृहसचिव. मिझोरामची राजधानी ऐझॉल, तिथले हे डोंगर २० वर्षं बंडात होरपळले. ३० जून १९८६ला मिझोराम करार झाला. त्यावर मिझो बंडखोरांचे नेते लालडेंगा यांच्या सहीबरोबर प्रधानांची सही आहे. त्याच दिवशी ते निवृत्त होत होते. २६/११नंतर महाराष्ट्र सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचेही तेच प्रमुख. २०२०मध्ये ते गेले.

आणि हा सेला खिंडीचा रस्ता. १९८७मध्ये प्रधान अरुणाचल प्रदेशचे राज्यपाल झाले. १९६२च्या फायलींत वाचलेली ही गावं, हे घाट आता त्यांच्याच राज्यात होते.