भिंतीतून वाहणारी हवा : घरच्या सेंट्रल व्हॅक्यूमची देखभाल

(दृश्य : रिकाम्या खोलीच्या भिंतीवरचे छोटे झाकण. हात ते उचलतो आणि नळीचे टोक आत बसवतो.)

या खोलीत सफाईचे यंत्र कुठेही दिसत नाही. झाकणाखालच्या तोंडात नळी बसवताच घराच्या दुसऱ्या टोकाला, तळघरात किंवा गॅरेजमध्ये, मोटर सुरू होते. नळीने उचललेली धूळ भिंतीतल्या पाइपांमधून प्रवास करून त्या मोटरखालच्या डब्यात जाऊन पडते. खोलीत आवाज नाही, ओढत न्यायचे जड धूड नाही. सेंट्रल व्हॅक्यूमची सारी सोय यातच आहे. मात्र देखभालीत हयगय होते तीही याच कारणाने, कारण डोळ्यांआडचे यंत्र चालते आहे तोवर त्याच्याकडे कोणी फिरकत नाही.

ही कल्पना हातात धरून फिरवायच्या विजेच्या यंत्रांपेक्षाही जुनी आहे. डेव्हिड केनी यांनी १९०२ साली पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये वाफेच्या शक्तीवर चालणारी अशी यंत्रणा बसवली होती आणि तिचे पाइप इमारतभर फिरवलेले होते. आजच्या घरांत वाफेच्या जागी वीज आली आहे, लोखंडी पाइपांच्या जागी सुमारे ५ सेंटीमीटर व्यासाचे पातळ पीव्हीसी पाइप आले आहेत आणि साधारण ९ ते १० मीटर लांबीची नळी घराचा मोठा भाग झाडून काढते. तत्त्व मात्र तेच राहिले आहे : एका टोकाला हवा खेचायची, आणि मधल्या वाटेवर तिला कुठे अडू किंवा गळू द्यायचे नाही.

ओढ कमी झाली की घरातले लोक पहिला संशय मोटरवर घेतात. बहुतेक वेळा मोटर ठणठणीत असते आणि बिघाड हवेच्या वाटेवर असतो. म्हणून ही देखभाल म्हणजे मुख्यतः त्या वाटेची राखण आहे. बिघाडाची पहिली खूण कानाने ओळखता येते. वाट तुंबली तर पंख्याला ढकलायला हवाच उरत नाही, त्याच्यावरचा भार हलका होतो, मोटर अधिक वेगाने फिरते आणि तिचा आवाज चढा होतो. वाटेत मोठी गळती असेल तर आवाज नेहमीसारखा राहतो, पण नळीच्या तोंडाशी जोर जाणवत नाही. एवढा फरक लक्षात घेतला तरी निम्मा शोध तिथेच संपतो.

(दृश्य : मोटरच्या अंगावरच्या तोंडाला नळी जोडली जाते.)

उरलेला शोध क्रमाने घ्यावा. बऱ्याच यंत्रांच्या अंगावरही एक तोंड असते. नळी आधी तिथे जोडून पाहावी. तिथेही ओढ कमी असेल तर दोष नळीत, फिल्टरमध्ये किंवा यंत्रात आहे. तिथे ओढ उत्तम असून भिंतीशी कमी पडत असेल तर दोष पाइपांत किंवा भिंतीवरच्या एखाद्या झाकणात आहे. नळीचा संशय आल्यास ती जमिनीवर सरळ पसरून हाताने चाचपत जावे, म्हणजे अडकलेला गोळा बोटांना लागतो. मग तिचे मुठीकडचे टोक यंत्राच्या तोंडाशी घट्ट धरून हवा उलट दिशेने खेचली की गोळा आला त्या वाटेने सहसा परत निघतो.

(दृश्य : भिंतीवरच्या तोंडाचे जवळून चित्रण, झाकण, रबरी गॅस्केट, मागचा एल्बो म्हणजे पाइपाचे वळण.)

आता भिंतीवरचे हे तोंड नीट पाहू या, कारण या साऱ्या रचनेतला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला भाग मला हाच वाटतो. तोंडाच्या लगेच मागे पाइप एकदम काटकोनात वळतो. पुढे भिंतीत सर्वत्र लांब, सैल वळणे दिलेली असतात. आखूड वळण फक्त इथे असते, आणि ते मुद्दाम ठेवलेले असते. जी वस्तू पुढे जाऊन अडकण्यासारखी आहे ती हाताच्या टप्प्यात, पहिल्याच वळणावर थांबावी आणि जी इथून सुटली तिने थेट डब्यापर्यंत जावे, असा त्यामागचा हेतू आहे. त्यामुळे एकाच तोंडाशी ओढ कमी असेल तर टॉर्चच्या उजेडात आधी हे वळण पाहावे. दात कोरायची काडी, केसांची पिन आणि त्यांच्याभोवती धरलेला केसांचा पुंजका हे तिथले नेहमीचे पाहुणे असतात.

झाकणाच्या आतली रबरी गॅस्केटही तितकीच मोलाची आहे. नळी एका खोलीत जोडलेली असताना बाकीची सर्व झाकणे हवाबंद राहिली तरच सगळी ओढ त्या एका तोंडाशी मिळते. यंत्र चालू असताना प्रत्येक बंद झाकणाच्या कडेला पातळ टिश्यू कागदाची पट्टी धरावी. कागद झाकणाकडे खेचला गेला तर गॅस्केटवर कचरा बसला आहे किंवा रबर कडक होऊन चिरले आहे. कचरा ओल्या फडक्याने पुसता येतो, चिरलेले रबर मात्र बदलावेच लागते.

अडथळा खोल पाइपात असेल तर कोणकोणती तोंडे कमजोर आहेत यावरून त्याची जागा कळते. एकच कमजोर असेल तर दोष त्याच्या फाट्यावर आहे; एका टप्प्यापलीकडची सगळी कमजोर असतील तर मुख्य पाइपाच्या त्या भागात आहे. यंत्र चालू ठेवून तळहात तोंडावर काही सेकंद घट्ट दाबून धरावा आणि झटकन काढावा. असे अनेकदा केल्यावर हवेच्या धक्क्यांनी गोळा सैल होतो. ते न जमल्यास दुसऱ्या साध्या व्हॅक्यूम क्लीनरने त्याच तोंडातून उलट दिशेने ओढून पाहावे. सांडपाण्याच्या पाइपात घालतात तशी धातूची स्प्रिंग इथे घालू नये, कारण पातळ पीव्हीसीवर तिचे ओरखडे पडतात आणि पुढे त्यांनाच केस अडकत राहतात.

(दृश्य : यंत्राचा डबा खाली उतरवला जातो. वर कापडी फिल्टर दिसतो.)

यंत्राशी आलो की सर्वप्रथम त्याचा प्लग काढावा. काही यंत्रांत धूळ पिशवीत साठते, काहींत चक्राकार फिरवून डब्यात पाडली जाते. काहींत चित्रात दिसतो तसा कापडी फिल्टर असतो : मोटर चालू झाली की तो हवेबरोबर वर खेचला जातो आणि बंद झाली की खाली लावलेल्या वजनाने पडतो. पडताना त्याच्या अंगावरची धूळ डब्यात झटकली जाते. ही सोय चांगली आहे, तरी बारीक भुकटी कापडात रुतून बसतेच. विशेषतः घरात प्लास्टरचे काम झाल्यावर उडालेली धूळ या यंत्राने मुळीच ओढू नये. फिल्टर धुवावा की नुसता झटकावा, हे यंत्राच्या पुस्तिकेनुसार ठरवावे, आणि फिल्टर काढलेला असताना यंत्र क्षणभरही चालवू नये.

डबा सर्वसाधारणपणे वर्षातून २ ते ४ वेळा रिकामा करावा लागतो. घरात प्राणी असतील तर त्याहून लवकर. हे काम शक्यतो उघड्यावर आणि तोंडावर मास्क बांधून करावे. यंत्राची हवा बाहेर सोडणारा पाइप असेल तर त्याच्या झडपेत कोळ्याची जाळी किंवा पक्ष्याचे घरटे नाही ना, हेही त्याच वेळी पाहावे.

पाणी, ओला कचरा आणि विस्तव असलेली राख या यंत्राला कधीही देऊ नये. काही मोटरी धूळ ओढणाऱ्या हवेनेच थंड होतात, त्यामुळे वाट तुंबली किंवा फिल्टर भरला की त्या तापतात. मोटरमधले कार्बन, म्हणजे फिरत्या भागाला वीज पोचवणारे छोटे तुकडे, ठरावीक तास चालून झिजतात. ठिणग्या वाढणे आणि जळकट वास येणे ही त्याची लक्षणे आहेत, तर खरखर ऐकू आली तर बेअरिंग तपासावे. या टप्प्यावर जाणकार कारागिराला बोलवावे.

यंत्र बंदच होत नसेल तर मात्र एक तपासणी घरीही करता येते. पाइपांबरोबर प्रत्येक तोंडापर्यंत २४ व्होल्टची बारीक तार गेलेली असते आणि नळीचे धातूचे टोक तिचा जोड पूर्ण करते. प्लग काढून यंत्राला जोडलेली ही बारीक तार सोडवावी आणि प्लग पुन्हा लावावा. मोटर थांबलेलीच राहिली तर दोष तारेत किंवा एखाद्या तोंडाशी आहे. चालू झाली तर आतला रिले, म्हणजे त्या बारीक तारेच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला आहे.

(दृश्य : भिंतीचा आराखडा, पाइपाची वाट रेषेने दाखवलेली.)

नव्या घरात प्लास्टर होण्याआधी पाइपांची छायाचित्रे काढून ठेवावीत, असे मी आग्रहाने सांगेन. भिंतीवर चौकट किंवा फळी बसवताना गेलेला स्क्रू पाइपात शिरला तर हवा थोडीच गळते, पण त्याच्या टोकाला एकेक केस अडकत जातो आणि काही महिन्यांनी तिथे गोळा तयार होतो. तो काढला तरी नवा जमतो. म्हणून एकाच जागी पुन्हा पुन्हा तुंबत असेल, तर त्या भिंतीवर अलीकडे काय ठोकले आहे, हे आधी पाहावे.