दादरची उंची

[दृश्य: देवघर. समईचा उजेड, घटाभोवती पिवळसर कोंब.]

नवरात्राची आठवी माळ. यावल तालुक्यातल्या या घरात घट बसला, तेव्हा आजीने काळ्या मातीत दादर ज्वारी पेरली. त्याच दिवशी मुलाने शेतात तेच बी पेरलं. शेतातली रोपं हिरवी, बुटकी, अंग धरून उभी आहेत. देवघरातली मात्र फिकट पिवळी आणि वीतभर लांब.

बी एकच, माती एकच. अंधारातल्या कोंबाला उजेड गाठायचा असतो, म्हणून तो लांबतो, एवढं शाळेत शिकवतात. पण पेशींना ‘ताणा’ म्हणून सांगतं कोण? सांगणाऱ्यांमध्ये एक स्टेरॉइड आहे.

हा शब्द ऐकला की व्यायामशाळेतली इंजेक्शनं आठवतात आणि माणूस दचकतो. दचकायचं कारण नाही. चार जोडकड्यांचा सांगाडा असलेला हा रेणू दादर, कपाशी, केळी, अंगणातली तुळस, सगळ्याच आपापल्या पेशींत तयार करतात.

[दृश्य: पिवळ्या फुलांवर मधमाश्या.]

१९७० साली अमेरिकी कृषी खात्याच्या शास्त्रज्ञांना मोहरीच्या भाऊबंदांपैकी एका पिकाच्या परागकणांत काहीतरी आढळलं. त्याचा अर्क लावला की घेवड्याचं रोप झपाट्याने लांबायचं. ते नेमकं काय, हे उलगडायला नऊ वर्षं गेली. मधमाश्यांनी गोळा केलेले २२७ किलो पराग, म्हणजे सव्वादोन क्विंटल, गाळून गाळून हाती उरले ४ मिलिग्रॅम स्फटिक. मोहरीच्या एखाद-दोन दाण्यांचं वजन! तेवढ्यावरून १९७९ मध्ये रेणूची रचना मांडली गेली. मोहरीच्या ‘ब्रासिका’ या शास्त्रीय नावावरून त्याला ब्रासिनोलाइड म्हणतात.

तरी झाडाला त्याची खरंच गरज असते का, ही शंका उरलीच. ती फिटली एका खुज्या रोपामुळे. कॅलिफोर्नियातल्या सॉल्क संस्थेत जोआन कोरी यांचा गट अ‍ॅराबिडॉप्सिस नावाची चिमुकली रोपं अंधारात वाढवत होता. त्यातलं एक रोप अंधारातही लांबलं नाही, जणू उन्हात असल्यासारखी पानं उघडून बसलं. १९९६ मध्ये कारण कळलं. स्टेरॉइड घडवणारं त्याचं एक विकर (एन्झाइम) बिघडलं होतं, आणि त्याच विकराचं भावंड माणसाच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन या स्टेरॉइडवर काम करतं. पुढच्याच वर्षी या गटाने माणसाचा तो जनुक खुज्या रोपात घातला. रोप वाढलं.

झाडं आणि प्राणी यांच्या वाटा अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. तरीही आपलं विकर त्यांच्या कामी आलं. हे पहिल्यांदा वाचलं, तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ शेताकडे बघत बसलो होतो.

[दृश्य: कपाशीचं फूल, आज पांढरट, उद्या गुलाबी.]

आता पऱ्हाटीकडे या. फूल उमलतं त्याच दिवशी आतल्या सरकीच्या सालीवर धागे फुटू लागतात. एक धागा म्हणजे एकच पेशी, आणि ती तीनेक सेंटिमीटरपर्यंत ताणली जाते! प्रयोगशाळेत कोवळी सरकी द्रावणात वाढवली आणि ब्रासिनोलाइड बनणं रोखलं, तर धागे खुंटले. ते बाहेरून दिलं, तर पुन्हा वाढले.

कृषी केंद्रात याचंच भावंड ‘टॉनिक’ म्हणून मिळतं. बाटलीत होमोब्रासिनोलाइड असतं फक्त ०.०४ टक्के. शेतकरी भावांनो, ते कमी वाटलं म्हणून पंपात जास्त ओतू नका. या रेणूची मात्रा वाढली तर मुळांची वाढ उलट खुंटते. आणि पाण्याची, खताची जागा कुठलीही बाटली घेत नाही.

[दृश्य: दसऱ्याची सकाळ.]

ज्वारीच्या बुटक्या वाणांचं एक गुपितही इथेच आहे. यंत्राने काढणी सोपी व्हावी म्हणून परदेशात निवडलेल्या ठेंगण्या ज्वारीत एक जनुक बिघडलेला असतो. तो याच स्टेरॉइडचा निरोप पुढे पोचवायला मदत करतो, हे जपानी शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये दाखवलं. खानदेशात मात्र दादर उंचच हवी. भाकरी घराला, कडबा गोठ्याला.

आजी घटातले चार कोंब खुडून मुलाच्या टोपीत खोवते.

“वावरातली कधी एवढी व्हईन रे?”

“माघात ये माय. टोपीच्या वर गेलेली दिसीन.”