देशाचं नाव कुणाच्या ताब्यात?

मंडळी, इथे मडगावात बसून आपण ‘गोवा डॉट गव्ह डॉट इन’ टाइप करतो, तेव्हा शोध शेवटच्या टोकाकडून सुरू होतो. आधी रूट सर्व्हरला, म्हणजे नावांची सर्वात वरची यादी ठेवणाऱ्या संगणकाला, विचारलं जातं, ‘डॉट इन’ कोण सांभाळतो? त्याने पत्ता दिला की मग पुढची चौकशी. रूटमधली ही नोंद म्हणजे मोजक्या ओळी. पण त्या ज्याच्या शब्दावर बदलतात, त्याच्या हाती देशभरातल्या नावांची किल्ली असते. सगळी भांडणं त्या ओळींवरून.

इंटरनेटवरच्या नावांचा कारभार तेव्हा सांभाळणाऱ्या जॉन पोस्टेल यांनी मार्च १९९४ मध्ये आरएफसी १५९१ या तांत्रिक टिपणात नियम घालून दिला: इथे हक्काची आणि मालकीची भाषा गैर आहे, जबाबदारीची आणि समाजाच्या सेवेची बोला. गोव्यात हे समजावून सांगायला नको. गावकरीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक, जमिनीची जोण (उत्पन्नातला वाटा) गावकारांना मिळे, जमीन मात्र कुणा एकाची नसे.

आता नियुए बघा. प्रशांत महासागरातलं बेट, वस्ती दोन हजारांच्याही आत. त्यांचं ‘डॉट एनयू’ १९९७ मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या एका उद्योजकाकडे गेलं. स्वीडिश भाषेत ‘नु’ म्हणजे ‘आता’, त्यामुळे स्वीडनमध्ये या नावांना तुफान मागणी. २०१३ मध्ये कारभार स्वीडनच्या इंटरनेट प्रतिष्ठानकडे आला. आपलं नाव परत मिळावं म्हणून नियुएने २०१८ मध्ये थेट स्वीडनच्या कोर्टात दावा लावला. एवढ्याशा देशाला स्वतःच्या नावासाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहावं लागतं, याची मला मनापासून चीड येते.

पण सरकार म्हणजेच समाज, असंही मी मानणार नाही. दक्षिण आफ्रिकेत २००२ मध्ये त्या देशाचं ‘डॉट झेडए’ सरकारी ताब्यात घेणारा कायदा येत होता, तेव्हा वर्षानुवर्षं ते नाव सांभाळणाऱ्या माइक लॉरी यांनी मुख्य झोन फाइल, म्हणजे त्या नावाखालच्या नोंदींची मूळ यादी, चक्क देशाबाहेर हलवली. कायदा झालाच, त्यातून नवं प्राधिकरण उभं राहिलं. मला लॉरींची भीती पटते, मार्ग पटत नाही. एका माणसाच्या निर्णयावर अख्ख्या देशाच्या ईमेल टांगून ठेवणं बरोबर नव्हे, मग तो कितीही प्रामाणिक असो.

आपलं ‘डॉट इन’ सुरुवातीला मुंबईच्या एनसीएसटी या सॉफ्टवेअर संशोधन संस्थेकडे होतं. २००५ पासून निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) या संस्थेकडे आहे. तिथे असं भांडण झालं नाही, हे चांगलंच. मात्र तांत्रिक कारभार कंत्राटावर परदेशी कंपन्यांकडे गेला, आधी अफिलिआस, मग २०१९ मध्ये न्यूस्टार. कंत्राटदार बदलतो तेव्हा लाखो नावांची नोंदवही एका हातातून दुसऱ्या हातात जाते. म्हापशातला काजूवाला, पणजीतलं हॉटेल, फोंड्यातलं कॉलेज, सगळे त्या वहीत आहेत. म्हणून पुढचं कंत्राट निघण्याआधी वहीची ताजी प्रत भारतात कुणाकडे राहील आणि अडचण आली तर ती किती तासांत उघडता येईल, हे सरकारने जाहीर करावं. ही मागणी आपल्या व्यापारी संघटनांनी आणि पत्रकारांनी आत्ताच लेखी करावी, कंत्राटावर सह्या झाल्यावर नव्हे.